तुझा विमानतळही गळतो

पिंपळबोडी
८ जून २०२५

सौ. रंजीता,

मोठ्या जावेने धाकटीला आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून तो आधी घे आणि बाजूला ठेव. अकरा वर्षांनी लिहायला बसले म्हणजे देवका विरघळली, असं समजू नकोस. फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललासच तर माझा आवाज चढतो. कागदावर तो चढत नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

माझी दिव्यानी तुझ्याकडे येऊन तीन महिने झाले. मी तिला पाठवली नाही, ती गेली. बारावीनंतर वर्षभर घरी होती आणि तुझ्याशी चोरून बोलत होती, हे मला मागाहून कळलं. तुझ्या भासऱ्यांनी, म्हणजे आमच्या यांनी, जाळं सांधता सांधता, मानसुद्धा वर न करता निकाल दिला, "जाऊ दे तिले. सख्खी काकू हाय, परकी नाई." सख्खे खुशाल भाऊजी आहेत. तू त्यांच्या मागून आलीस. तरी मी हो म्हटलं, पण एका अटीवर. पोर दिवाळीपर्यंतच दिली आहे. तुझ्या विमानतळावर नोकरी करायची हौस तिने फेडून घ्यावी आणि दिवाळीला घरी यावं, ते परत न जाण्यासाठी. ही अट तिने तुला सांगितली नसेल, तर आता मी सांगितली.

लिहायला आज का बसले, ते सांगते. रविवारी तिचा फोन येतो. दहा मिनिटं बोलते. काकूनं वांग्याची भाजी केली, काकूनं सॅन्डल घेऊन देल्ली, काकूले इथी सगळे मॅडम म्हणते. मी विचारलं, "अवं, तुले ताप आला होता ना?" तर म्हणे, "काकूनं गोळी देल्ली, उतरला." तुझं नाव न घेता तिला तापही उतरवता येत नाही. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "पोरगी सुखात हाय." मी म्हटलं, "हो, दिसून राह्यलं." त्या दिवशी मी जेवले नाही, तर त्यांना वाटलं उपास आहे.

मला एकोणीस वर्षं झाली स्टँड झाडायला. कंडक्टर, ड्रायव्हर, कॅन्टीनवाला, सगळे देवकाबाई म्हणून मान देतात. मॅडम अजून कोणी म्हटलं नाही. तू माझ्या घरात आलीस तेव्हा तुला धड गाडीचा बोर्ड वाचता येत नव्हता, मीच बाराखडी शिकवली. तेव्हा मॅडम कोण होतं, हे तुझ्या लक्षात असेल.

तिची फरशीची स्तुतीही ऐकून घेतली. म्हणे विमानतळाच्या फरशीत तोंड दिसतं. दिसत असेल. आमच्या स्टँडवर कुत्री झोपतात, एक पंखा फिरत नाही, नळाला पाणी दुपारपर्यंतच. पण झाडलेलं असतं.

एक विचारायचं आहे. ती नेमकं काम काय करते? मी विचारलं की 'ड्युटी' म्हणते. मी गावात सांगितलं आहे की कॉम्प्युटरवर बसते. ते खरं आहे ना, तेवढं कळव.

मूल गावच्या राइस मिलवर जाणाऱ्या एकाचा भाऊ तुमच्याकडे येणार आहे. त्याच्या हाती सुकलेले झिंगे पाठवते आहे. ते तिच्यासाठी आहेत. तू दोन खाल्लेस तर हरकत नाही.

देवका


पिंपळबोडी
३० जून २०२५

रंजीता,

तू उत्तर लिहिलं नाहीस. निरोप मात्र पोरीच्या तोंडून आला, "काकू म्हणे पत्र भेटलं, झिंगे चांगले होते." मोठी कृपा झाली.

उत्तर मला दुसऱ्या वाटेने मिळालं. परवा तिने व्हिडिओ लावला. निळा युनिफॉर्म, केसांना जाळी, छान दिसत होती. मागे ओळीने बंद दारं. मी म्हटलं, "हे कोणतं ऑफिस वं?" ती हसली. "आई, ऑफिस नोहे. वॉशरूम हाय. मी इथीच राहतो ड्युटीले."

संडास! रंजीता, तू माझ्या पोरीला संडास धुवायला लावलंस?

पहाटे पाचला उठून मी दुसऱ्यांची थुंकी खरवडते, ती कशासाठी? तिने हातात झाडू धरू नये म्हणून. तिला बारावीपर्यंत एकदाही स्टँडवर येऊ दिलं नाही. झाडूच धरायचा होता, तर माझ्याजवळचा काय वाईट होता? निदान रात्री घरी तरी आली असती. मी हे तिला बोलले, तर ती म्हणाली, "तुझ्या हाताखाली मले नसतं जमलं. काकू शिकवून सांगते, वरडत नाई." आता बोल.

मग तिनेच तुमच्या विमानतळाचं पुराण सांगितलं आणि माझं डोकं जरा थंड झालं. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. नळाखाली हात धरला की आपोआप पाणी येतं म्हणे, पण सहातले चार नळ हात कितीही हलवले तरी येत नाहीत, आणि साहेब लोक नळासमोर भीक मागितल्यासारखे उभे राहतात. सरकता जिना होळीपासून बंद, त्यापुढे 'काम चालू आहे' ची पाटी, आणि काम करायला कोणी नाही. खुर्च्यांच्या गाद्या फाटलेल्या, त्यावर चिकटपट्टी. ट्रॉलीचं एक चाक नेहमी दुसरीकडे जातं. साबणात इतकं पाणी की फेस येत नाही. आणि माणसं? पाय ठेवायला जागा नाही. तू लागलीस तेव्हा एका पाळीत बारा बाया होत्या, ठेकेदार बदलले तशा पाच राहिल्या, असं ती म्हणाली. संडासात पाणी नाही म्हणून एका बाईने दिव्यानीच्या अंगावर ओरडा केला. पाणी काय पोरीने खिशात भरून ठेवलं होतं?

आमच्या स्टँडची कळा गेली म्हणून लोक आम्हाला नावं ठेवतात. तिकडे इतकं मोठं तिकीट काढून तीच गत. घरोघरी मातीच्या चुली. एवढं वाचून तुला राग आला असेल तर येऊ दे.

ती म्हणाली, ड्युटीला जायच्या आधी तू तिची वेणी घालून देतेस. एकोणीस वर्षांच्या पोरीला स्वतःची वेणी घालता येत नाही का? आणि एक. लहानपणी तिच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, म्हणून मी तिचे केस कापले होते. तिने कधी विचारलं तर हेच सांगायचं.

गावात मी अजून कॉम्प्युटरच सांगते.

देवका


पिंपळबोडी
२६ जुलै २०२५

रंजीता,

इकडे धानाची रोवणी चालू आहे. आठ दिवस पाऊस उघडला नाही. तुमच्याकडेही तेच दिसतं, कारण दिव्यानीने यांच्या फोनवर तुमच्या गळतीचा व्हिडिओ पाठवला आणि तो आम्ही दोघांनी तीनदा पाहिला.

छताचा तुकडा खाली लोंबतो आहे, त्यातून नळासारखी धार. खाली बादल्या, डबे, कोणाचं तरी कचऱ्याचं टोपलं. लोक बॅगा डोक्यावर घेऊन पळताहेत. एक म्हातारा घसरून बसला. आणि त्या सगळ्यात तू शिडीवर. मोठं प्लास्टिक चारी कोपऱ्यांनी बांधून, मध्ये झोळ सोडून, झोळाला भोक पाडून पाणी पाइपाने एका ड्रममध्ये आणलंस. पाहता पाहता हे म्हणाले, "पाह्य, पाह्य. गाठ पाह्य तिची. माह्या मायची गाठ हाय ते." त्यांचे डोळे भरून आले. बायकोने एकोणीस वर्षं घर चालवलं तेव्हा भरले नव्हते.

जाळ्याची गाठ. सासूबाईंनी ती तुला शिकवली, मला नाही. मी शेतकऱ्याची पोर, माझ्या हाताला तलावाचं पाणी लागत नाही, असं त्या म्हणायच्या. मी दारामागे बसून शिकायचा प्रयत्न केला होता. माझी गाठ ओढली की सुटायची. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

व्हिडिओत शेवटी पोरीचा आवाज आहे. "आमची काकू पाहा, एकटी एअरपोर्ट वाचवून राह्यली." आणि ती हसते. असं हसणं मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही.

असो. स्टँडवर एकदोघांना व्हिडिओ दाखवला. यांचा फोन त्या दिवशी माझ्याजवळ होता. कॅन्टीनवाल्याने पाहिला, एका कंडक्टरने पाहिला. बापूरावही तिथेच चहा पीत बसला होता. तोच, तुझ्या माहेरच्या गावचा, पेपरात बातम्या पाठवतो तो. महिन्यातून एकदा तो 'बसस्थानकाची दुरवस्था' लिहितो, आणि ते छापून आलं की डेपोतून साहेब येतो आणि मलाच बोलतो, जसं काही छत मी फोडलं. त्याला म्हटलं, "पाहा भाऊ, मोठमोठे विमानतळ गळून राह्यले, तुमाले आमचंच स्टँड दिसते." तो हसला. बाकी काही नाही.

ऑगस्ट लागला की दिवाळीला अडीच महिने राहतात. पोरीला आतापासून रजेचं सांगून ठेव.

देवका


पिंपळबोडी
९ ऑगस्ट २०२५

रंजीता,

पेपर माझ्या हाती उशिरा आला. गडचिरोलीच्या गाडीत सीटवर पडला होता, झाडताना मिळाला. म्हणजे सगळ्यांना कळून गेल्यावर मला कळलं.

तू पाहिला असशीलच. तरी लिहिते. 'विमानतळाला लागली गळती! पिंपळबोडीच्या कन्येने आणले वास्तव उजेडात.' खाली, 'येथील लटारू मारबते यांची सुकन्या, विमानतळावर अधिकारी म्हणून कार्यरत असलेल्या कु. दिव्यानी हिने दाखविलेल्या धाडसाचे सर्वत्र कौतुक होत आहे.' आणि पासपोर्ट फोटो. आपल्याकडे बातमी अशीच येते. पोरगी दहावी पास झाली तरी बापाचं नाव, गावाचं नाव आणि फोटो. त्यात कोणाचं वाईट करायचं नसतं. सरपंचाने यांना बोलावून हार घातला. हे तो हार तसाच गळ्यात ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. रडत होती. तुमच्या कंपनीतल्या कोणी नागपूरच्या माणसाने ती बातमी साहेबाला दाखवली म्हणे. साहेबाने तिला उभं करून विचारलं, "तू कब से अधिकारी हो गयी?" आतला व्हिडिओ बाहेर देणं गुन्हा आहे, पास जप्त होईल, पोलिसांत देऊ, असं काय काय बोलला. ती मला म्हणाली, "आई, खरं सांग. तू कोणाले देल्ला का?"

मी म्हटलं, "नाई वं. मले त्यातलं का समजते."

ती म्हणाली, "मंग बापूरावभाऊले कुठून भेटला?"

मी म्हटलं, "मले काय माहीत बापा. आजकाल कोणाच्याही फोनमधून कुठीही जाते."

हे तुला एवढं सविस्तर लिहायचं कारण, तिला धीर द्यायला तिथे तू आहेस. मला तीन दिवस झोप नाही. तू सुपरवायझर आहेस. अकरा वर्षं झाली तुला, साहेब तुझं ऐकत असतील. तिला सांभाळ. मॅडम म्हणतात ते कशासाठी? माझ्या पोरीला पोलिसांचं तोंड पाहायला लागलं, तर मी तुला क्षमा करणार नाही. मागचीही केलेली नाही.

लवकर निरोप दे. या वेळी तूच फोन केलास तरी चालेल.

देवका


पिंपळबोडी
१६ ऑगस्ट २०२५

रंजीता,

पोर घरी आली.

दिवाळीची वाटही पाहावी लागली नाही. मंगळवारी दुपारी चंद्रपूरच्या गाडीतून उतरली ती माझ्यासमोरच. मी झाडत होते. तिने बॅग टाकली आणि सगळ्या प्रवाशांसमोर माझ्या गळ्यात पडली. मला म्हणाली, "आई, तूच बरी."

दोन वेळा म्हणाली. तुला हे मुद्दाम कळवते आहे.

घरी आल्यावर तिने सांगितलं. तू साहेबासमोर उभी राहून म्हणालीस की व्हिडिओ तू काढायला लावला, बापूराव तुझ्या माहेरचा म्हणून तूच त्याला पाठवला, फोटोही तूच दिला, पाससाठी काढलेल्यांपैकी. पोरीचा यात दोष नाही. साहेबाने तुझा पास घेतला, तुला गेटपर्यंत पोचवायला शिपाई दिला आणि पोरीला सोडून दिलं. खोलीवर आल्यावर पोरीने तुला विचारलं, तर तिलाही तू हेच सांगितलंस. "माह्या नावानं! माह्या फोटोनं!" ती मला सांगत होती. "मले विचारलंबी नाई आई. मोठं नाव कमवाले निघाली. मले त्या बाईच्या खोलीत पाय ठेवाचा नाई." कामावर तिला पंधरा सप्टेंबरपर्यंतची बिनपगारी रजा मिळाली आहे, पण ती परत जाणार नाही म्हणते.

मी त्या वेळी भाकर थापत होते. तशीच थापत राहिले.

ती आता माझ्याजवळ झोपते. काल म्हणाली, तुझ्या हातची मासोळी कोणालाच जमत नाही. स्टँडवर माझा डबा घेऊन आली, तर कंडक्टर म्हणाला, "देवकाबाई, नशीब काढलं." यांना मात्र काही गोड लागत नाही. ते म्हणतात, रंजीता असं करणारी नाही. मी म्हटलं, अकरा वर्षांत माणूस बदलतो.

तू बदलली आहेस ना, रंजीता? तू त्याला पाठवला असशीलही. कोणी सांगावं.

देवका


पिंपळबोडी
५ सप्टेंबर २०२५

रंजीता,

वरचं पत्र मी पोस्टात टाकलंच नव्हतं. वीस दिवस उशीखाली होतं. फाडणार होते, पण यासोबतच पाठवते, म्हणजे मी कोणत्या थराला गेले ते तुला वाचायला मिळेल.

तुला ठाऊक आहे, तरी मी माझ्या हाताने लिहिते. व्हिडिओ मी दिला. एकदोघांना दाखवला एवढंच नाही, बापूरावाला मी स्वतः बाकावरून उठवून बाजूला नेलं आणि म्हटलं, हे छापा. त्याने फोनमधून घेतला. फोटो बारावीच्या फॉर्ममधला उरलेला होता, तो घरी जाऊन पेटीतून आणून दिला. तिचं नाव, यांचं नाव, गावाचं नाव मी सांगितलं. 'अधिकारी' हा शब्दही माझा. त्याने विचारलं, "कोणत्या पदावर हाय?" आणि मी एवढ्या लोकांसमोर संडास म्हणू शकले नाही. त्या एका शब्दावरून तू मला ओळखलं असणार. बातमी वाचताच ओळखलं असणार.

पोरीचं वाईट व्हावं म्हणून दिला नाही. देव साक्षी आहे. लोकांनी पाहावं, की रंजीताचा विमानतळ म्हणजे काही इंद्राचा दरबार नाही. तिथेही गळतं, तिथेही घाण, आणि तीही माझ्यासारखीच पोछा मारते. मला तुला खाली ओढायचं होतं. त्या व्हिडिओत पोर 'आमची काकू' म्हणून हसली ना, ते मला सोसलं नाही. तिथे 'आमची' म्हणायची काय गरज होती? त्या दिवशी स्टँडवर मी तो पुन्हा पुन्हा लावला, आणि दर वेळी ती तशीच हसली.

उवाही नव्हत्या. हे तर तू पाहिलंच होतं. शाळेच्या गॅदरिंगला गुरुजींनी विचारलं, आई कोण आली? मी आणि तू शेजारी उभ्या होतो, आणि तिने तुझा हात धरला. आठ वर्षांची पोर. मी पहाटे स्टँडवर जायची, तिला उठवायची तू, न्हाऊ घालायची तू, रिबिनी बांधायची तू. तिने धरला तो हात बरोबरच होता. घरी येऊन मी तिच्या दोन्ही वेण्या मुळापासून कापल्या, तुला उद्या घालायला काही उरू नये म्हणून. ती रडत नव्हती, तूच रडत होतीस. तेव्हा मी तुझ्या रिकाम्या कुशीवरून जे बोलले, ते आजही लिहायला हात धजत नाही. आठ दिवसांत तुम्ही गाव सोडलं. मी लोकांना सांगितलं, शहराची हाव सुटली त्यांना.

आता तू काय केलंस ते पाहा. पास घालवलास. परवा खुशाल भाऊजींचा यांना फोन आला, त्यावरून कळलं की तू कोणत्या तरी लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासायला जातेस. आणि पोरीसमोर माझा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतलास. का, ते मला समजलं. तिची नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. आई अशी आहे हे कळलं असतं, तर आई दुसरी मिळाली नसती. तू तिच्या मनातून स्वतःला काढलंस आणि तिथे मला बसवलंस.

हे चोवीस दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले, हेही लिहून ठेवते. ती माझ्या ताटात जेवली. 'आई, आई' करत मागे फिरली. तुझं नाव एकदाही घेतलं नाही. मला एवढंच हवं होतं, अकरा वर्षं मी हेच मागत होते. आणि तरी, ती माझ्या कुशीत आली की मला तूच दिसायचीस. शिडीवर चढलेली.

मला तुझा मत्सर वाटतो रंजीता. आजही वाटतो, हे पत्र लिहितानाही वाटतो. बाई, किती मोठी होशील? केसांच्या वेळीही तू गप्प राहून मोठी झालीस आणि मी गावभर लहान झाले. आता पुन्हा तेच. पोर माझी आहे, ती तू मला द्यायची, आणि मी पदर पसरून घ्यायची? हे मला चालणार नाही. तिने मला सोडलं तरी चालेल, पण तू दिलेली पोर मी ठेवून घेणार नाही. याला चांगुलपणा समजू नकोस. माझ्यात तो नाही, माझा जळफळाटच मला हे करायला लावतो आहे.

यांना काल रात्री सांगितलं. त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मले सांगून का उपयोग? पोरीले सांग." मी सकाळपासून तीनदा तिच्यासमोर बसले. पहिल्यांदा म्हटलं, "दिव्यानी, ऐक वं जरा." ती म्हणाली, "बोल ना आई." मी विचारलं, "भात टाकू का?" तिन्ही वेळा भातच निघाला. आज घरात इतका भात झाला आहे की हे विचारतात, पंगत आहे का.

म्हणून लिहिते. तोंडाला जे जमत नाही ते हाताला जमतं, हे मला जूनपासून कळलं आहे.

साहेबालाही एक वेगळा कागद लिहिला आहे. त्यात सगळं आलं आहे, व्हिडिओ कोणी दिला, फोटो कोणी दिला. खाली माझी सही आहे आणि स्टँडवरच्या नोकरीचा पत्ताही, चौकशी करायची तर करू देत. त्याने तुझा पास परत मिळेल की नाही, मला कळत नाही. तो कागद यातच घातला आहे. फेकू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू फेकशील, म्हणून त्याची एक प्रत यांच्याजवळ दिली आहे.

पोर ओसरीवर धान पाखडते आहे. आता तिला हाक मारते. पाकीट चिकटवलेलं नाही. तिलाच देते, आणि सांगते की आधी वाच, मग टाक. तिच्या बापाने गाडीभाड्याचे पैसे काढून तिच्या बॅगेत ठेवले आहेत, ते तिला अजून माहीत नाही.

हे पत्र पोस्टमनने आणलं, तर पोर अजून इथेच आहे असं समज, आणि मला शिव्या दे. तिनेच हातात आणून दिलं, तर प्रवासात ती काही खात नाही, तेव्हा आधी तिला जेवू घाल. आणि ती पोचली, एवढं मला कळव.

देवका